अल्व्हिस १२/५० गरम झाली की चढावर बंद पडते: आधी ऐका, कार्बोरेटर शिंकतोय का सायलेन्सर फुटतोय

हा प्रॉब्लेम मी दोन सीझन भोगलाय, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो. ज्यांच्याकडे मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगची ठिणगी तयार करणारं यंत्र) आणि ऑटोव्हॅक (टाकीतलं पेट्रोल वर खेचणारा डबा) असलेली कुठलीही १९२० च्या दशकातली ब्रिटिश गाडी आहे त्यांना उपयोग होईल, फक्त अल्व्हिसच पाहिजे असं नाही.

गाडी १९२८ ची, अल्व्हिस १२/५०, टीजी मॉडेल, चार सीटची उघडी टूरर, बॉडी क्रॉस अँड एलिसची. १२ म्हणजे त्या काळचा टॅक्ससाठी मोजायचा हॉर्सपॉवर, जो फक्त सिलिंडरच्या व्यासावरून काढायचे, आणि ५० म्हणजे साधारण खरी ताकद. इंजिन १६४५ सीसी, चार सिलिंडर, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. मी कामानिमित्त कोव्हेंट्रीत राहतो आणि ही गाडीपण इथलीच, जन्मगाव सोडून फार लांब गेलेलीच नाही. आधीच्या मालकाने १९८० च्या सुमारास पूर्ण रिस्टोर केलेली, निकेल चमकतंय, हूड नवं, लेदर मस्त, आणि मी ते बघूनच घेतली हे आधीच कबूल करतो.

लक्षण असं. सकाळी थंड असताना हँडलच्या दुसऱ्या झटक्यात सुरू. तास-सव्वा तास सपाट रस्त्यावर लोण्यासारखी चालणार, मग ब्रॉडवे गावाच्या बाहेर ए ४४ रस्त्यावर फिश हिलचा चढ लागला की अर्ध्यात पुलिंग जाणार, आचके देणार, आणि बंद. मागे ट्रकची रांग. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ येते पण सुरू होत नाही. वीस मिनिटं थांबायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, परत हँडल मारलं की अशी सुरू होते जसं काही झालंच नव्हतं, आणि सरळ वरपर्यंत जाते. आपल्याकडे खंबाटकी घाटात जुन्या गाड्या बोनेट उघडून उभ्या दिसायच्या, अगदी तेच दृश्य, फक्त इथे मेंढ्या आजूबाजूला.

आता चढावर बंद पडते म्हटलं की ऑटोव्हॅक, हे जो भेटेल तो सांगतो, आणि ते चुकीचं नाहीये. ऑटोव्हॅक कसा चालतो ते थोडक्यात सांगतो कारण हे न समजता लोक सरळ काढून टाकतात. पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, कार्बोरेटर पुढे आणि वर, मग पेट्रोल चढणार कसं? बोनेटखाली फायरवॉलवर एक डबा असतो, स्टॉकपोर्टच्या कंपनीने बनवलेला, आणि त्या डब्यात अजून एक डबा. इंजिन हवा आत ओढतं त्याच ओढीने आतल्या डब्यात पेट्रोल खेचलं जातं, तो भरला की फ्लोट वर येतो, ओढीची झडप बंद होते, बाहेरच्या हवेची उघडते, आणि खालचं झाकण उघडून सगळं पेट्रोल बाहेरच्या डब्यात पडतं, तिथून आपल्या वजनाने कार्बोरेटरला. ना डायफ्राम, ना इलेक्ट्रिक, काही नाही. भारी डोकं आहे.

गोची अशी की ही ओढ ॲक्सिलरेटर सोडलेला असताना जास्त असते आणि पूर्ण दाबलेला असताना जवळजवळ शून्य. म्हणजे लांब चढावर पाय पूर्ण दाबून बसलात तर ऑटोव्हॅक भरायचंच बंद करतो आणि बाहेरच्या डब्यात जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर गाडी चालते, ते संपलं की संपलं. त्या काळच्या ड्रायव्हरांना हे माहीत होतं, ते चढावर मधेच दोन सेकंद पाय उचलायचे, डबा गटकन भरायचा, परत दाबायचा. हा बिघाड नाही, ही गाडीची सवय आहे.

तर पहिल्या उन्हाळ्यात मी पेट्रोलच्या मागे लागलो. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बघितलं (हे सगळ्यात आधी बघा, फुकट आहे, ते बुजलं की टाकीत व्हॅक्युम होऊन पेट्रोल येतच नाही), ऑटोव्हॅकच्या तोंडाची जाळी साफ केली, व्हॅक्युमच्या पाइपचे सगळे जोड आवळले, आणि डबा उघडला तर खालच्या झाकणाखाली जुन्या रबराचा एक तुकडा अडकलेला सापडला. झाकण नीट बसत नसेल तर ओढ लागल्यावर बाहेरच्या डब्यातली हवा आत जाते आणि मागचं पेट्रोल चढत नाही. मी खूश, सापडला चोर! रबर कुठून आलं तर जुन्या होजमधून, आणि होज सडली इथेनॉलमुळे. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुनं रबर फुगवतं, पाणी शोषतं आणि जुना शेलॅकचा लेपपण सोडवतं. महाग ग्रेडमध्ये अजून पाच टक्क्यांपर्यंतच आहे म्हणून मी तेच भरतो. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे जुन्या ऑस्टिन-मॉरिस आहेत त्यांना तर आता ई२० शी गाठ आहे, त्यांनी होज आर ९ दर्जाचे (इथेनॉल सोसणारे) टाकून घ्याच, वर्षभर थांबू नका.

होज बदलल्या, ऑटोव्हॅक जुळवला, ऑक्टोबरमध्ये फिश हिलला गेलो, एकदाही थांबली नाही. नोव्हेंबरमध्ये परत, ठणठणीत. मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं की झालं काम.

मे महिन्यात पहिल्याच गरम दिवशी, त्याच वळणावर, बंद.

इथे माझी पहिली मोठी चूक, आणि ही चूक मी बऱ्याच जणांना करताना बघितलीय. गरमीत येणारा बिघाड थंडीत दुरुस्त केला आणि थंडीतच टेस्ट केला तर तो दुरुस्त झाला का थंडीने लपला हे कळायला काही मार्गच नाही. पण मला तेव्हा वाटलं ऑटोव्हॅक ठीक आहे म्हणजे आता पेट्रोल पाइपमध्येच उकळत असणार. हेपण खरंच होतं बरं का, आजचं पेट्रोल जुन्यापेक्षा लवकर वाफ धरतं, आणि हिवाळ्यात विकलेलं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं असतं, ते टाकीत तसंच राहिलं आणि एकदम ऊन पडलं तर हमखास त्रास. मग मी एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरच्या मधे पत्र्याचा आडोसा लावला, पाइपला गुंडाळी केली, आणि इथल्या म्हाताऱ्या मंडळींचा एक प्रसिद्ध इलाज आहे तोही केला, पेट्रोलच्या पाइपला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. मी अकरा लावले. इंजिन एखाद्या गॅलरीसारखं दिसायला लागलं, फरक शून्य.

इलेक्ट्रिक पंप लावायचापण विचार केला होता. लावणारे लावतात, पण लक्षात ठेवा की हे कार्बोरेटर फक्त वरून पडणाऱ्या पेट्रोलच्या प्रेशरसाठी बनलेत, आजकालचा पंप प्रेशर कमी करणाऱ्या रेग्युलेटरशिवाय लावला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी नीडल ढकलून पेट्रोल बाहेर वाहणार आणि खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. आग विझवायचा सिलिंडर गाडीत असू द्या एवढंच म्हणतो.

शेवटी वैतागून मी बंद पडायच्या वेळचा व्हिडिओ काढून सांगलीला काकांना पाठवला. काकांचं तिथे गॅरेज होतं, बुलेट, येझदी, फियाट, मॅटॅडोर, सगळं हाताखालून गेलेलं, अल्व्हिस हे नावसुद्धा त्यांनी ऐकलेलं नाही. मी व्हॅक्युम, इथेनॉल, वाफ असलं सगळं लेक्चर दिलं, ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे ते राहू दे. पुढनं शिंकतीय का मागनं फुटतीय, ते सांग."

मी म्हटलं, "काका, दोन्ही करते बहुतेक."

"दोन्ही नसतंय. परत ऐक."

परत ऐकला, हेडफोन लावून. बंद पडायच्या आधी मागे सायलेन्सरमध्ये दोन-तीन फटाके. कार्बोरेटरचा आवाजच नाही. काका म्हणाले, "पेट्रोल कमी पडलं तर कार्बोरेटर शिंकतोय. पेट्रोल जातंय पण पेटत नाही, तर ते तसंच मागं जाऊन सायलेन्सरात पेटतंय. तुझं करंटचं काम आहे. कंडेन्सर बघितलास का?"

नाही बघितला. कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की करंटचा प्रॉब्लेम असता तर सपाटावरपण आला असता, फक्त चढावरच का? आणि हीच खरी फसवणूक आहे. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि जेवढा दाब जास्त तेवढी प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. अशक्त झालेला मॅग्नेटो सपाटावर कसाबसा निभावतो आणि चढावर हात टेकतो. म्हणजे पेट्रोल कमी पडो किंवा करंट, दोघंही चढावरच दगा देतात, जागेवरून काही ठरवता येत नाही.

मग बिघाड चालू असताना रस्त्यावरच टेस्ट करायचं ठरवलं. गाडी थंड झाली की पुरावा गेला, म्हणून हे वीस मिनिटांच्या आत करायचं. क्रम महत्त्वाचा, आधी ठिणगी मग पेट्रोल, उलटं केलंत तर सांडलेल्या पेट्रोलवर ठिणगी पाडाल. एक जादा प्लग बरोबर ठेवायचा, त्याची फट पाचेक मिलिमीटर उघडून ठेवायची, एका सिलिंडरची वायर काढून त्या प्लगला लावायची, प्लग इंजिनवर नीट टेकवून ठेवायचा, कार्बोरेटरपासून लांब, आणि कोणाला तरी हँडल मारायला सांगायचं. वायर नुसती हवेत लटकवून हँडल मारू नका, करंटला वाट मिळाली नाही की तो मॅग्नेटोच्या आतलं इन्सुलेशन फोडतो. हँडल मारताना इग्निशन पूर्ण रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जातं. सकाळी घरी हीच ठिणगी जाड निळी होती, चटचट आवाज करत होती. फिश हिलवर बारीक पिवळसर, चार झटक्यांत एकदा. मग वायर परत लावून, सगळं पुसून, कार्बोरेटरचा पाइप सोडून बाटलीत धरला, ऑटोव्हॅकमधून पेट्रोल मस्त धारेने आलं. दोन वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो निर्दोष सुटला.

आता हे गरम झाल्यावरच का होतं. मॅग्नेटोत एका लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात, हा गाभा लोहचुंबकाच्या मधे फिरतो, जाड तारेत करंट तयार होतो, आणि पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन तुकडे) उघडले की तो एकदम तुटतो, त्या झटक्याने बारीक तारेत हजारो व्होल्ट येतात. पॉइंट उघडताना करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो, ती उडी गिळायचं काम कंडेन्सरचं. जुने कंडेन्सर अभ्रक किंवा कागद आणि शेलॅकचे असतात, पंचाण्णव-शंभर वर्षांत त्यांचं इन्सुलेशन गळायला लागतं, गरम झालं की जास्त गळतं, थंड झालं की परत शहाण्यासारखं वागतं. मग पॉइंटवर आर्किंग होतं, करंट एकदम तुटत नाही, ठिणगी मरते. त्यात हँडलने मारताना मॅग्नेटो हळू फिरतो म्हणजे मुळातच सगळ्यात कमी व्होल्टेज, म्हणून गरम गाडी हँडलला दाद देत नाही. कव्हर काढून पॉइंटची तोंडं बघा, काळी-जळकी असतील तर संशय पक्का. आणि फिश हिलपर्यंत जायचं नसेल तर घरीच मॅग्नेटोला दहा मिनिटं हेअर ड्रायर मारा आणि वरची प्लगची टेस्ट करा, माझा गॅरेजमध्येच मेला.

बॅटरी आणि कॉइलवाल्या गाडीत कंडेन्सर बाहेर असतो, दोन मिनिटांत बदलतो. मॅग्नेटोत तो फिरणाऱ्या गाभ्याच्या आत एका टोकाला बसवलेला असतो, म्हणजे सगळं खोलायचं काम. स्वतः खोलणार असाल तर दोन गोष्टी: गाभा ओढायच्या आधी करंट उचलणारे कार्बन ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू काढा, नाहीतर स्लिप रिंग (ज्या फिरत्या कड्यावरून ब्रश करंट उचलतात ते) कडकन तुटते आणि ती बाजारात सहज मिळत नाही. आणि गाभा बाहेर काढला की चुंबकाच्या टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवा, जुनं चुंबक उघडं राहिलं की ताकद सोडतं.

मी स्वतः खोलला नाही, एका दुकानात दिला. त्यांनी पॉइंट घासले, चुंबक परत भारून दिलं, बाहेरून काळा रंग मारला, "फुल्ली रिकंडिशन्ड" असं लेबल लावून बिल दिलं. हेअर ड्रायरखाली परत मेला. फोन केला तर म्हणे आमच्याकडे थंड असताना टेस्टमध्ये पास झाला. थंड असताना तर माझ्याकडेपण पास होत होता! दुसऱ्या एका रिटायर्ड माणसाने मग नीट काम केलं, जुना कंडेन्सर काढून आजकालचा फिल्मचा छोटा कंडेन्सर बसवला, वेढेपण नवे गुंडाळले कारण जुन्या वार्निशचा चिकट काळा रस झाला होता, आणि परत देताना तासभर गरम करून ठिणगी दाखवली. द्यायच्या आधी दोन प्रश्न विचाराच: कंडेन्सर बदलणार का, आणि गरम करून टेस्ट करणार का.

मॅग्नेटो सहा आठवडे बाहेर होता तेव्हा गाडीच्या खानदानाचं वाचत बसलो. माझा मॅग्नेटो बीटीएचचा, कंपनी रग्बीची पण कोव्हेंट्रीतही त्यांचा मॅग्नेटोचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये मॅग्नेटो म्हणजे जवळपास सगळे जर्मनीच्या बॉशचे, युद्ध सुरू झालं आणि एका रात्रीत सप्लाय बंद, मग लष्कराचे ट्रक आणि विमानं चालवायला इंग्रजांना घाईघाईने स्वतः शिकावं लागलं. आणि अल्व्हिस त्या युद्धानंतर लगेच, १९१९ मध्ये, टी. जी. जॉन नावाच्या वेल्श माणसाने काढली, मूळ शिक्षण जहाजबांधणीचं. पहिली गाडी १०/३०, डिझाइन डी फ्रेव्हिलचं, अल्व्हिस हे नावही त्याचंच. ॲल्युमिनियममधला अल आणि लॅटिनमध्ये ताकद म्हणजे व्हिस, असं सगळीकडे सांगतात, पण त्यानेच पुढे ते नाकारलं. बिल्ल्यावर आधी पंखवाला हिरवा त्रिकोण होता, विमानवाल्या ॲव्हरोने हरकत घेतली म्हणून लाल उलटा त्रिकोण आला. १९२३ ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या २०० मैलांच्या शर्यतीत मेजर हार्वीने १२/५० च ताशी ९३ मैलांच्या सरासरीने पळवून जिंकली, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर, शंभर वर्षांपूर्वी, दीड लिटरमध्ये. चीफ इंजिनियर स्मिथ-क्लार्क, ज्याच्या हाताखाली हे इंजिन झालं, त्याने रिटायर झाल्यावर पोलिओच्या पेशंटसाठी आयर्न लंग, म्हणजे श्वास द्यायची मशीन सुधारून दिली. मला हा माणूस हार्वीपेक्षा जास्त आवडतो.

होलीहेड रोडवरचा कार बनवायचा कारखाना १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बिंगमध्ये गेला. कंपनी उठली, गाड्या १९६७ पर्यंत बनवल्या, नंतर फक्त लष्करी वाहनं. आता त्या जागी अल्व्हिस रिटेल पार्क आहे. मी माझ्या अल्व्हिसला लागणारा स्पंज आणि बादली तिथून आणलीय. जुन्या गाड्यांचे पार्ट आणि कागद मात्र बाजूच्या केनिलवर्थमध्ये शाबूत आहेत.

मॅग्नेटो परत बसवताना टायमिंग चुकू नये म्हणून काढायच्या आधीच मॅग्नेटो इंजिनला जोडणाऱ्या कपलिंगवर पांढऱ्या रंगाने खुणा करा. त्या व्हर्नियर कपलिंगच्या दोन बाजूंना दातांची संख्या वेगळी असते, एक-एक दात फिरवत अगदी बारीक ॲडजस्ट होतं, पण खूण नसेल तर अख्खा रविवार जातो. माझा गेला. पॉइंटची फट १२ थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. जादा कंडेन्सर डिकीत ठेवून उपयोग नाही कारण रस्त्यात बदलताच येत नाही, त्यापेक्षा तो जादा प्लग आणि बाटली ठेवा.

आणि जुनी टूरर विकत घेताना मालक म्हणाला पूर्ण रिस्टोर केलीय, तर विचारा मॅग्नेटो शेवटचा कधी खोलला. माझ्या आधीच्या मालकाने हूडच्या शिवणीपर्यंत सगळ्याच्या पावत्या ठेवल्या होत्या, मॅग्नेटोची एकही नव्हती.

त्यानंतर फिश हिल चारदा झाली, त्यातल्या दोन भर जुलैत. चिमटे काढले, आडोसा ठेवलाय. गेल्या वेळी दोन पाहुणे मागे बसलेले, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चाललो होतो आणि पुढे कार्बोरेटर शिंकला, एकदा, दोनदा. पाय उचलला, बोनेटखाली ऑटोव्हॅकने गटकन घोट घेतला, परत दाबला आणि निघाली. काकांना रात्री फोनवर सांगितलं तर म्हणाले, "शिंकली ना? मग औषध माहितीय की तुला."